खिशातली दुर्बीण की गळ्यातली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्षभर मित्राची दुर्बीण उसनी घेऊन पक्षी पाहिले, आता स्वतःची घ्यायची आहे. बजेट पंधरा हजारांच्या आतबाहेर. शनिवार-रविवारी पुण्याजवळची सिंहगड व्हॅली किंवा कवडीपाट, थंडीत एक-दोनदा भिगवणचं पाणथळ. डोळ्यांना चष्मा आहे. आणि दुकानदार म्हणतोय, "८×२५ घ्या, खिशात मावते. ८×४२ सुद्धा आठ पटच दाखवते, मग गळ्यात धोंडा कशाला?"

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. पहिली आणि सध्या तरी एकच दुर्बीण घेणार असाल, तर ८×४२ घ्या. मानेचा त्रास असेल तर ८×३२. ८×२५ ही दुसरी दुर्बीण म्हणून फार चांगली, पहिली म्हणून मी कुणाला सुचवत नाही. दुकानदार खोटं बोलत नाहीये, पण त्याचं दुकान सकाळी दहाला उघडतं आणि आत ट्यूबलाइट असते. तिथे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

दुर्बिणीवरचा पहिला आकडा किती पट मोठं दिसतं ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की जो आकडा येतो त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. शब्दाला घाबरू नका, ही गोष्ट डोळ्यांनी दिसते. दुर्बीण हातभर लांब धरा, उजेडाकडे रोखा आणि डोळ्याकडच्या भिंगात बघा. मधोमध उजेडाचं एक बारकं वर्तुळ दिसेल, टिकली लावल्यासारखं. दुर्बिणीतून जेवढा म्हणून उजेड बाहेर पडतो तो सगळा त्या टिकलीतून. ८×२५ ची टिकली ३.१ मिमी, म्हणजे साधारण बाजरीच्या दाण्याएवढी. ८×४२ ची सव्वापाच मिमी, तुरीच्या दाण्याएवढी. ८×३२ ची बरोबर ४.

आता आपली बाहुली. भर उन्हात ती आक्रसून दोन-तीन मिलिमीटर होते. म्हणजे दुपारी बाराला बाजरीचा दाणाही डोळ्याला पुरून उरतो, आणि तुरीच्या दाण्यातला जास्तीचा उजेड बाहुलीच्या कडेवर पडून वाया जातो. त्या वेळी दोन्ही दुर्बिणी सारख्याच उजळ. पण पहाटे, किंवा दाट झाडीत, बाहुली पसरून पाच मिमीच्या घरात जाते. तेव्हा ८×२५ त्या पाच मिमीच्या दारातून तीन मिमीचीच धार सोडते. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर चित्राचा उजेड ८×४२ च्या तुलनेत निम्म्याहूनही कमी, चाळीस टक्क्यांच्या आसपास. काचा दोन्हींच्या सारख्याच चांगल्या धरल्या तरी. (वय वाढतं तशी बाहुली पूर्ण पसरत नाही. विशीत सात मिमीपर्यंत जाणारी साठीत पाचवर अडकते. म्हणून निवृत्त मंडळी ८×५६ बद्दल विचारतात तेव्हा मी नको म्हणतो. तो उजेड आत शिरणारच नाही.)

आपण पक्षी बघायला कधी जातो? नेमके त्याच वेळी. मागच्या डिसेंबरात मी सिंहगड व्हॅलीत दोन्ही घेऊन गेलो होतो. गळ्यात मध्यम किमतीची ८×४२, जॅकेटच्या खिशात तिच्यापेक्षा थोडी महागच असलेली ८×२५. सूर्य उगवायला अजून वीसेक मिनिटं होती. ओढ्याच्या कडेला करवंदीच्या जाळीत काहीतरी हललं. आधी खिशातली लावली. एक काळपट गोळा, शेपटी हलतेय, आकार चिमणीपेक्षा लहान, बस. मग गळ्यातली लावली, तर तोच गोळा वरून निळा आणि छातीला नारिंगी झाला. टिकेलची निलिमा, नर. पुन्हा खिशातली लावली. आता मला ठाऊक होतं की छाती नारिंगी आहे, तरी रंग दिसेना, आहे असं नुसतं वाटत राहिलं. पक्षी पाहणाऱ्यासाठी ही जागा धोक्याची असते, कारण माहीत असलेला रंग मेंदू स्वतःच भरतो आणि आपण वहीत बिनदिक्कत टिपून मोकळे होतो. साडेसातला ऊन जाळीवर आलं आणि दोन दुर्बिणींतला फरक पुसला गेला. तासाभराचा खेळ. पण व्हॅलीतली निम्मी गंमत त्याच तासाभरात असते.

उजेडाचं हे गणित बहुतेकांना थोडंफार माहीत असतं. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट, आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. मोठी टिकली चुका पोटात घालते. डोळा भिंगाच्या अगदी मध्यावर नसला, मिलिमीटरभर इकडेतिकडे सरकला, तरी बाहुली उजेडाच्या वर्तुळातच राहते आणि चित्र अखंड दिसतं. लहान टिकलीला एवढी सवड नसते. डोळा जरा हलला की कडेने काळी चंद्रकोर आत येते, अजून हलला की सगळं काळं. दुर्बीण सारखी कर, पुन्हा जागेवर आण, तोवर पर्णवटवट्या तीन फांद्या पुढे. नवीन माणसाला वाटतं आपला हात वाईट आहे. हात ठीक असतो, खेळायला जागाच दिलेली नसते.

भिगवणला हे सगळ्यात जास्त जाणवतं. कुंभारगावहून नावेत बसलात की रोहितांच्या थव्यापर्यंत काही अडचण नाही, इतका मोठा गुलाबी पक्षी नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. पण नाववाला दादा वल्हं थांबवून चिखलाच्या पट्टीकडे बोट दाखवतो, "ते बघा, बारके," आणि तिथे टिलवे आणि चिखल्ये पळत असतात. नाव डोलतेय, शेजारचा माणूस कॅमेरा सावरतोय, तुम्ही अर्धे वळून बसलाय. अशा वेळी ८×२५ मध्ये बघणं म्हणजे चालत्या एसटीत सुईत दोरा ओवणं. जमतं, पण सगळं लक्ष दोऱ्याकडे जातं. ८×४२ मध्येही चित्र हलतं, पण विझत नाही.

वजनाची गंमत इथे उलटी आहे. दोनशे-तीनशे ग्रॅमची दुर्बीण हातात हलकी, म्हणून स्थिर राहील असं वाटतं. प्रत्यक्षात हलकी वस्तू हाताच्या प्रत्येक कंपाबरोबर थरथरते, सहाशे ग्रॅमची जरा आळशी असते. शिवाय मोठीला पकडायला दोन्ही हातांची सगळी बोटं पुरतात, छोटीला चार बोटांच्या चिमटीत धरावं लागतं. छोटी घेतलीतच तर एक युक्ती करा. दोन्ही अंगठे गालाच्या हाडाला टेकवा, तर्जन्या कपाळाला आणि कोपरं बरगड्यांना. दुर्बीण डोक्याचाच भाग झाली की थरथर निम्मी होते.

फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे एका नजरेत किती रुंदीचं दृश्य मावतं, याबद्दल मात्र एक गैरसमज आहे. मोठं भिंग म्हणजे रुंद दृश्य, असं काही नसतं. ते ठरतं मुख्यतः डोळ्याकडच्या भिंगांच्या रचनेवर. निकॉनच्याच दोन ८×४२ घ्या. मोनार्क एम-५ मध्ये १००० मीटरवर सुमारे ११२ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, एम-७ मध्ये १४५. आणि झाइसची २९० ग्रॅमची व्हिक्टरी पॉकेट ८×२५ याच अंतरावर १३० मीटर दाखवते, म्हणजे मोठ्या एम-५ पेक्षा जास्त. पण या झाइसच्या किमतीत तुमच्या बजेटच्या कितीतरी दुर्बिणी येतील. तुमच्या पैशांत मिळणाऱ्या छोट्या दुर्बिणींत हा पट्टा बहुतेक वेळा अरुंदच असतो. खोक्यावर अंशांत आकडा असेल तर १ अंश म्हणजे १००० मीटरवर साडेसतरा मीटर असा हिशेब करा. ७ अंशांच्या खाली असेल तर झाडीतल्या पक्ष्यावर दुर्बीण नेमकी रोखायला नवख्याला वेळ लागतो. "पानांमागे आहे म्हणतात, मला फक्त पानंच दिसतात" ही जी तक्रार असते ना, तिचं मूळ बरेचदा इथे असतं.

हे सगळं मी शहाणपणाने सांगतोय, पण माझी पहिली दुर्बीण १०×२५ होती. आठपेक्षा दहा मोठे, आणि खिशातही मावते, अजून काय हवं, असा माझा विचार. ती घेऊन कर्नाळ्याला गेलो. ते दाट जंगल, सकाळची वेळ. टिकली अडीच मिमी, दृश्य अरुंद, थरथर दहा पट मोठी झालेली. बरोबरच्या काकांनी स्वर्गीय नर्तक दाखवला. पांढरा नर, लांब शेपटीच्या फितींसकट. तो दिसायला सगळ्यात सोपा पक्षी. चार वेळा दुर्बीण लावली, चारही वेळा नुसतं खोड. शेवटी दुर्बीण खाली ठेवून डोळ्यांनी पाहिला, आणि खरं सांगायचं तर तसाच जास्त छान दिसला. छोट्या दुर्बिणी वाईट नसतात, पण १०×२५ घेऊ नका. छोटी घ्यायचीच तर आठ पटच. आणि ज्यांच्यावर झूम लिहिलेलं असतं, ८ ते २४ पट वगैरे, त्यांच्याकडे बघूही नका. पटी वाढवत नेल्या की चित्र अंधारं आणि लिबलिबीत होतं, कमी पटींवर ठेवलं तर दृश्य अरुंद. थंड हवेच्या ठिकाणी फूटपाथवर मिळणाऱ्या लालभडक काचांच्याही तशाच. तो लाल लेप तांबडा प्रकाश परतवून लावतो, म्हणून आत सगळं निळसर-हिरवट दिसतं. पक्षी रंगावरून ओळखायचा असेल तर एवढं एकच कारण पुरे. चांगल्या लेपाची झाक हिरवट किंवा जांभळट, आणि मंद असते.

मग छोटी कधी? माझ्याकडे आहे आणि मी ती रोज वापरतो, भावनेच्या भरात घेतलेली नाही. ऑफिसच्या बॅगेत ती कायम असते. जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर घारी, कापशी, उन्हाळ्यात तांबट. भर उजेडात तिच्यात काही कमी नाही. सह्याद्रीतल्या मोठ्या ट्रेकला, पाठीवर दोन दिवसांचं सामान असताना, मी ८×४२ घरी ठेवतो. लग्नाला गावी जाताना गळ्यात मोठी दुर्बीण घालून गेलात तर लोक आधी तुमच्याकडेच बघतात. पावसाळ्यात पक्षी कमी आणि फुलपाखरं जास्त, तेव्हा बऱ्याच छोट्या दुर्बिणी दीड-दोन मीटरवर फोकस होतात, हा त्यांचा मोठा गुण. काही मोठ्या, विशेषतः स्वस्त पोरो जातीच्या (त्यांच्याबद्दल पुढे सांगतो), पाच मीटरच्या आत काही दाखवतच नाहीत. फुलपाखरू समोरच्या झुडपावर आणि तुम्ही मागे मागे चाललाय, असा प्रकार होतो. मुलांच्या डोळ्यांतलं अंतर कमी असतं, त्यांनाही दोन बिजागऱ्यांची छोटी दुर्बीण चांगली जुळते. फक्त त्या दोन बिजागऱ्या दर वेळी उघडून दोन्ही बाजू सारख्या करत बसाव्या लागतात. समोर खंड्या सूर मारत असताना ते दोन सेकंद फार लांबतात.

आता तुमचे पंधरा हजार. या पैशांत छोटी आणि मोठी यांची तुलना करताना आतल्या लोलकांचा विचार करायला हवा. सरळ नळ्यांच्या, सडपातळ दुर्बिणी रूफ जातीच्या. जुन्या पद्धतीच्या, खांद्याशी वळलेल्या त्या पोरो. इग्नात्सिओ पोरो या इटालियन माणसाने ही रचना १८५४ मध्ये शोधली, आणि कमी पैशांत अजूनही ती चोख चित्र देते, कारण ती बनवायला सोपी आहे. रूफ लोलकात प्रकाशाचे दोन भाग होऊन परत जुळतात आणि जुळताना किंचित विसंगती येते, चित्रातला ठसठशीतपणा कमी होतो. त्यावरचा उपाय म्हणजे फेज कोटिंग. तो झाइसने १९८८ मध्ये बाजारात आणला, आता मधल्या किमतीतही मिळतो. पण अगदी स्वस्त छोट्या रूफ दुर्बिणीत तो नसतो. म्हणजे भिंग लहान आणि लोलकही कच्चा, असा दुहेरी मार. माहितीपत्रकात "फेज कोटेड" आणि "बाक-४" हे शब्द शोधा. बाक-४ काच आहे की नाही ते त्या टिकलीतही दिसतं. टिकली स्वच्छ गोल असेल तर ठीक, कडा राखाडी होऊन चौकोनी दिसत असेल तर हलकी काच.

पोरो सुचवली असती, पण तुमच्या चष्म्याने अडवलं. उदाहरणार्थ निकॉनची ॲक्युलॉन ८×४२. चित्र पैशांच्या मानाने उत्तम, वजन ७५५ ग्रॅम. पण तिचा आय रिलीफ, म्हणजे भिंगापासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर, फक्त १२ मिमी. चष्म्याची काच मध्ये आली की डोळा लांब राहतो आणि दृश्याची कड कापली जाते, जणू लहान छिद्रातून बघतोय. चष्मेवाल्यांनी किमान १५-१६ मिमी आकडा असल्याशिवाय घेऊ नये. त्याच कंपनीची प्रोस्टाफ पी-३ ८×४२ सुमारे ५६५ ग्रॅम, वॉटरप्रूफ, आय रिलीफ २० च्या आसपास. तुमच्यासाठी मी तिच्यापासून सुरुवात करेन आणि तिच्याच पंक्तीतल्या दोन-तीन इतर कंपन्यांच्या हातात घेऊन बघेन. चष्मा असेल तर आयकप, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगांभोवतीच्या कडा, पूर्ण आत दाबायचे, हे वर्षभर दुर्बीण वापरणाऱ्यांनाही माहीत नसतं. आणि उजव्या डोळ्याजवळची ती रिंग शोभेची नसते. उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं चित्र लखलखीत करा, मग डावं झाकून फक्त त्या रिंगने उजव्याचं. एकदा केलं की रिंग किती रेघांवर आहे ते लक्षात ठेवायचं. "माझी दुर्बीण जरा धूसरच आहे" म्हणून माझ्याकडे आलेल्या दुर्बिणींपैकी निम्म्या या एका रिंगने बऱ्या झाल्यात.

वॉटरप्रूफवर मी अडून बसतो, त्याचं कारण बुरशी. एका पावसाळ्यात माझी चांगली चाललेली पोरो तिच्या रेक्झिनच्या केसमध्ये, कपाटात, दोन महिने तशीच राहिली. गणपतीत काढून बघतो तर डाव्या भिंगाच्या आत कोळ्याने जाळं विणावं तशी पांढरी नक्षी. दुरुस्तीवाल्याने उघडून पुसली, पण लेपाला चरे पडले ते पडले. नायट्रोजन भरलेल्या, सीलबंद दुर्बिणीत हा धोका खूपच कमी. तरीही जून ते सप्टेंबर दुर्बीण केसमधून बाहेर काढा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. आमच्याकडे तो डबा चकल्यांचा होता, आता चकल्यांना दुसरा घेतलाय. कोकणात राहणाऱ्यांनी तर ही गोष्ट लिहून ठेवावी.

मानेचं काय? ८×४२ सोबत येणारा अरुंद पट्टा काढून टाका. हजाराच्या आत दोन्ही खांद्यांवरून जाणारा, पाठीवर फुली होणारा हार्नेस मिळतो. वजन मानेवरून खांद्यांवर जातं, आणि वाकून बुटाची लेस बांधताना दुर्बीण दगडावर आपटत नाही. हार्नेस लावूनही त्रास होत असेल, किंवा डॉक्टरांनी मानेला जपायला सांगितलं असेल, तर ८×३२ किंवा ८×३० घ्या. वजन पाचशेच्या आसपास, टिकली चार मिमीची, चुकांना बऱ्यापैकी जागा. पहाटेची दहा-पंधरा मिनिटं जातील, बाकी काही नाही. खरं तर माझ्या ओळखीतले बरेच जुने लोक शेवटी इथेच येऊन थांबलेत.

खरेदीला जाल तेव्हा संध्याकाळी जा, दिवे लागायच्या वेळी. दुकानाच्या आत बघू नका, विनंती करून दारात उभे राहा. रस्त्यापलीकडच्या झाडाखाली जिथे अंधार दाटतो तिथे लावा आणि पानांच्या कडा, खोडाची साल वेगळी दिसते का ते बघा. मग वळून चालत्या रिक्षाची नंबरप्लेट पकडा. चष्म्यासकट, चष्म्याशिवाय. पाच मिनिटं सलग डोळ्याला लावून ठेवा. कपाळ ओढल्यासारखं झालं किंवा दोन चित्रं एकावर एक बसत नाहीत असं वाटलं, तर दोन नळ्या समांतर नाहीत. ती दुर्बीण परत द्या, ती घरी सरळ होत नाही.

आणि तरी मन त्या खिशातल्या दुर्बिणीवरच जात असेल, तर नोव्हेंबरमधल्या पक्षी सप्ताहात, ५ ते १२ तारखेच्या दरम्यान, एका सकाळी कवडीपाटला या. माझ्या दोन्ही आणतो, बंधाऱ्यावर उभे राहून आलटून पालटून बघा. चक्रवाक आलेले असतील, शेकाटे तर असतातच. फक्त सूर्य वर यायच्या आधी पोहोचा. आठ वाजता आलात तर दोन्ही सारख्याच दिसतील, आणि तुम्ही म्हणाल दुकानदारच बरोबर होता.